पेशी, ताण आणि बशी

तालमीत घाम गाळला की दंड भरतात आणि प्लास्टरमधून सुटलेला हात बारीक दिसतो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. पण ताण पडल्याचे स्नायूला कळते कसे? मज्जातंतू सांगतात, संप्रेरके सांगतात, की पेशीलाच ते जाणवते? या प्रश्नाचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात अखेर प्रयोगाच्या भांड्याचीच झडती घ्यावी लागली.

१९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या स्नायुतंतूंना बिलगलेल्या लहान पेशी दिसल्या. त्यांना त्यांनी ‘सॅटेलाइट’, म्हणजे उपग्रह पेशी म्हटले. एरवी निद्रिस्त असणाऱ्या या पूर्वपेशी इजा होताच जाग्या होतात, विभागतात आणि नवा स्नायू घडवतात, हे पुढे स्पष्ट झाले.

१९७९ मध्ये हर्मन व्हॅन्डेनबर्ग आणि सीमोर कॉफमन यांनी कोंबडीच्या भ्रूणातील स्नायूपेशी लवचीक पृष्ठावर वाढवल्या आणि ते पृष्ठच ताणले. तिथे ना मज्जातंतू होते, ना रक्तप्रवाह. तरीही पेशींतील प्रथिननिर्मिती वाढली. ताण पेशीला थेट जाणवत होता.

२००१ च्या सुमारास र्‍युइची तात्सुमी, रोनाल्ड अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या सॅटेलाइट पेशींचे कोडे आणखी उलगडले. ताणल्यावर ‘एचजीएफ’ हे वृद्धिघटक प्रथिन मोकळे होते आणि निद्रिस्त पेशी जाग्या होतात, असे त्यांना आढळले. म्हणजे ओढीचे रूपांतर रासायनिक निरोपात होत होते.

पण मुद्दाम न ताणलेल्या पेशींचे काय? स्नायुक्षयाच्या रुग्णांत बशीत वाढवलेल्या पूर्वपेशी टोचण्याचे १९९० च्या दशकातील प्रयत्न निराशाजनक ठरले होते. त्याची कारणे अनेक होती. बशीत पेशींचा कस उतरणे हे त्यांतले एक. २०१० मध्ये हेलन ब्लाउ यांच्या प्रयोगशाळेने त्यावर नेमके बोट ठेवले. प्लास्टिकच्या बशीचा ताठरपणा सुमारे १० लाख किलोपास्कल, तर स्नायूचा अवघा १२. तितक्याच मऊ जेलवर वाढवलेल्या मूलपेशींनी आपला कस टिकवला आणि उंदरांत रोपण केल्यावर स्नायू घडवण्यात भरघोस वाटा उचलला.

माझ्या मते या इतिहासाचा खरा धडा इथे आहे. पेशीला काय खाऊ घालायचे, याची चिंता संशोधकांनी दशकानुदशके वाहिली. तिला कशावर बसवले आहे, हे फारसे कोणी विचारले नाही. पेशी मात्र पायाखालची जमीन सतत चाचपत होती. ज्या बशीला आपण तटस्थ समजत होतो, तीही प्रयोगात भाग घेत होती.