थेट उत्तराची जुनी ओढ

शोधयंत्रात दोन-चार शब्द टाकायचे आणि समोर आलेल्या यादीतून हवे ते पान आपणच हुडकायचे, ही सवय सुटू लागली आहे. लोक सरळ प्रश्न विचारतात. चॅटजीपीटी किंवा पर्प्लेक्सिटी उत्तर लिहून देते. ही ओढ मात्र गूगलपेक्षाही जुनी. १९७१ साली विल्यम वुड्स यांची ‘ल्यूनर’ ही प्रणाली, अपोलो मोहिमेने आणलेल्या चांद्रखडकांविषयी साध्या इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देत होती. त्या खडकांपलीकडचे तिला काही ठाऊक नव्हते.

काहीही विचारा, असे म्हणण्याचे धाडस ‘आस्क जीव्ह्ज’ने केले. गॅरेट ग्रूनर आणि डेव्हिड वॉर्थेन यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ही कंपनी काढली आणि वुडहाउसच्या कथांतल्या चतुर सेवकाचे नाव तिला दिले. खरे काम पडद्याआडची माणसे करत. लोक काय विचारतील याचा अंदाज बांधून संपादक प्रश्नांचे साचे तयार करत आणि त्यांना स्वतः निवडलेली पाने जोडून ठेवत. कोणी प्रश्न टाकला की त्याच्याशी जुळणारे तयार प्रश्न पुढे येत: तुम्हाला हेच विचारायचे आहे का? फार कष्टाचे आणि तितकेच मोलाचे काम होते हे. दाखवलेले पान आधी कोणीतरी वाचलेले असे.

वेब मात्र संपादकांच्या आवाक्याबाहेर वाढत गेले. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गूगलने पानांचे वजन त्यांच्याकडे येणाऱ्या दुव्यांवरून ठरवले. आस्क जीव्ह्जनेही २००१ मध्ये टियोमा हे शोधयंत्र विकत घेतले, २००६ मध्ये जीव्ह्जला निरोप दिला आणि २०१० मध्ये स्वतःचे शोधयंत्र चालवणेच सोडले.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले आणि पूर्ण वाक्यातला प्रश्न परतला. साच्यांची गरज उरली नाही. पुढचा शब्द कोणता असेल, याचा हिशेब करत यंत्रच उत्तर रचते. ल्यूनर आणि जीव्ह्ज यांना न जमलेली ही मोठी झेप आहे, यात शंका नाही. पण आधी वाचून निवडणारा संपादक या रचनेत नाही.

त्याची उणीव मे २०२४ मध्ये ठळकपणे दिसली. गूगलने अमेरिकेत शोधाच्या माथ्यावर एआयचे सारांश द्यायला सुरुवात केली आणि पिझ्झ्यावरचे चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद घालण्याचा सल्ला एका सारांशाने दिला. त्याचे मूळ रेडिटवरच्या अनेक वर्षांपूर्वीच्या थट्टेत सापडले. थट्टा-विडंबनाचा मजकूर सारांशात कमी यावा, असे बदल गूगलला त्याच महिन्यात करावे लागले.