पाठ्यपुस्तकाबाहेरची पाने

मुलाला वाचता येणे आणि मुलाला वाचावेसे वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली शाळेत घडते. दुसरी बहुधा क्रमिक पुस्तकाच्या बाहेर घडते. आपल्याकडच्या काही जाणत्या माणसांनी हे फार पूर्वीच ओळखले होते.

१९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी मुलांसाठी मासिक काढले. नाव ठेवले 'आनंद'. ज्ञान नाही, बोध नाही, आनंद! या एका शब्दात त्यांचे सगळे शिक्षणशास्त्र आले असे मला वाटते.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरला शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केले. आपल्याला ओळखणाऱ्या माणसाने आपल्यासाठीच लिहिलेला मजकूर कोणते मूल वाचणार नाही?

अत्र्यांनी वेगळी वाट धरली. लंडनहून शिक्षणाची पदविका घेऊन आलेल्या या माणसाने क्रमिक पुस्तकच गोड करायला घेतले. त्यातून 'नवयुग वाचनमाला' आली. त्यांची 'दिनूचे बिल' ही गोष्ट पन्नाशी-साठी उलटलेल्या अनेकांना आजही आठवते. आईला बिल देणारा दिनू प्रत्येक घरात असतो ना!

पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती १९७१ ची घटना. २७ जानेवारी १९६७ रोजी राज्याचे पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, स्थापन झाले. पुस्तके छापणे हेच तिचे काम. तरीही पाच वर्षांच्या आतच, नोव्हेंबर १९७१ मध्ये, तिने 'किशोर' मासिक सुरू केले. ज्यावर परीक्षा नाही, स्वाध्याय नाही, गुण नाहीत असे मासिक! नुसत्या पाठ्यपुस्तकाने वाचक घडत नाही, याची ही खुद्द पाठ्यपुस्तके करणाऱ्यांनीच दिलेली कबुली आहे.

आज याची आठवण का काढायची? चौथीतले एखादे मूल अक्षराला अक्षर जुळवत वाचते, जोडाक्षरापाशी अडखळते आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरते. समजत नाही म्हणून आवडत नाही. आवडत नाही म्हणून वाचत नाही. वाचत नाही म्हणून सराव होत नाही. 'असर'च्या पाहणीत २०१८ साली देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याच मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता. करोनानंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास घसरले. अशा मुलाला आपण काय देतो? तोच धडा पुन्हा, आणि त्याखालचे तेच प्रश्न.

त्याला हवी असते सोपी, मजेची, स्वतः निवडलेली गोष्ट. सुरुवातीला कोणीतरी ती मोठ्याने वाचून दाखवावी, मूल शेजारी बसून ओळीवरून बोट फिरवील. रोज वीस मिनिटे पुरेत. आणि शेवटी "यावरून काय बोध घ्याल?" हा प्रश्न मात्र कृपा करून विचारू नये.

'किशोर'चे जुने अंक आता संगणकावर फुकट वाचता येतात. कागद, छपाई, पैसा ही अडचण पूर्वी होती, ती बरीच सरली. उरली आहेत ती वीस मिनिटे. ती शाळेने वेळापत्रकात आणि आपण घरात काढायची आहेत.