‘पागडी’पासून ‘कार्पेट’पर्यंत : जुन्या चाळींच्या पुनर्विकासातील शब्द

गिरगाव, दादर, परळ वा लालबागमधील जुन्या चाळीत विकासकाचा माणूस येऊन गेला, की रहिवाशांच्या बैठकीत काही शब्द वारंवार कानी पडू लागतात. करारनाम्यावर सही करण्यापूर्वी त्यांचे नेमके अर्थ ठाऊक असणे आवश्यक आहे.

पहिला शब्द अर्थातच पागडी. ‘पागडीची खोली विकत घेतली’ असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात विकत घेतला जातो तो भाडेकरूचा हक्क. मालकी घरमालकाचीच राहते. खोली दुसऱ्याच्या नावे होताना मालक आपला वाटा घेतो. हा वाटा बहुधा एक तृतीयांशाच्या आसपास असतो, मात्र तो रिवाज आहे, कायद्याने ठरविलेला दर नव्हे. १९४७ च्या भाडे कायद्यानुसार अशी रक्कम घेणे बेकायदा होते. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५६ ने तिला मान्यता दिली. तेव्हा आता ही रक्कम रोखीने आणि पावतीविना देण्याचे काहीच कारण नाही. भाडेपावती अजून दिवंगत वडिलांच्या नावे असेल, तर ती वेळीच वारसाच्या नावे करून घ्यावी. पात्रता ठरविताना पहिली मागणी तिचीच होते.

दुसरा शब्द ‘उपकरप्राप्त इमारत’. शहर विभागातील ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ज्या इमारती दुरुस्तीसाठी उपकर भरतात, त्या या वर्गात येतात. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ आणि उरलेल्या ‘क’. विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) ही तरतूद यांच्या पुनर्बांधणीसाठी आहे. २०१८ पासून अमलात आलेल्या नियमावलीनुसार निवासी भाडेकरूला किमान २७.८८ चौरस मीटर, म्हणजे ३०० चौरस फूट चटईक्षेत्र द्यावे लागते. १८० फुटांच्या खोलीवाल्याने हा आकडा लक्षात ठेवावा. ही विकासकाची मेहेरबानी नव्हे.

खरी गफलत होते ती क्षेत्रफळात. कार्पेट म्हणजे घराच्या आतील वापरायोग्य जागा. बिल्ट-अपमध्ये भिंती मिळवल्या जातात. सुपर बिल्ट-अपमध्ये जिना, लिफ्ट, लॉबीचा हिस्साही येतो. कार्पेटवर ४० टक्के चढविले, तर १००० फुटांचे म्हणून विकलेले घर आत जेमतेम ७१४ फुटांचे भरते. रेरा कायद्याच्या व्याख्येत बाहेरील भिंती आणि बाल्कनी वगळल्या आहेत, आतील विभाजक भिंती मात्र धरल्या आहेत. म्हणून करारात केवळ ‘कार्पेट’ न लिहिता कोणत्या व्याख्येनुसार, हेही लिहून घ्यावे.

‘चटईक्षेत्र निर्देशांक’ हा शब्द चटईक्षेत्रासारखा वाटला तरी निराळा आहे. भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल, ते प्रमाण तो सांगतो. निर्देशांक ३ म्हणजे १००० चौरस मीटर जागेवर ३००० चौरस मीटर बांधकाम. त्यातून रहिवाशांची घरे वजा जाता उरते ते विकासकाच्या विक्रीचे. हा हिशेब बैठकीत कागदावर मागावा.