जालन्याच्या ताटातील शेत

जालना म्हटले की शहरी वाचकाला बियाणे, पोलादाचे कारखाने आणि मोसंबी आठवते. 'जालना सोने का पालना' ही जुनी म्हणही येथील पेठेच्या वैभवाविषयी आहे, पंगतीविषयी नव्हे. कोल्हापूरचा रस्सा, नागपूरचे सावजी किंवा खानदेशचे भरीत यांची नावे हॉटेलांच्या पाट्यांवर झळकतात. जालन्याच्या नावावर खपेल असा एकही पदार्थ तेथे सापडत नाही. याचे कारण या जेवणाच्या घडणीतच आहे. येथील रोजचा स्वयंपाक पाककृतींपेक्षा शेतातील कामांच्या वेळापत्रकावर अधिक अवलंबून राहिलेला आहे. त्या आठवड्यात शेतात जे काम चालू असेल, त्याचीच भाजी त्या संध्याकाळी चुलीवर चढे.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील (आताचे छत्रपती संभाजीनगर) जालना, अंबड, भोकरदन व जाफ्राबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके त्यासाठी एकत्र करण्यात आले. आज तालुक्यांची संख्या आठ आहे. दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. पूर्णा आणि दुधना जिल्ह्यातून जातात. बहुतांश जमीन काळी, ओल धरून ठेवणारी, आणि पाऊस बेभरवशाचा. अशा प्रदेशात बारमाही भाजीपाला ही चैन होती. विहिरीला पाणी असलेल्या मोजक्या घरांपुरतीच ती मर्यादित असे. बाकीच्या घरांनी भाजी मिळवली ती कोरडवाहू पिकातूनच, आणि तीही पिकाचे नुकसान न करता.

हे कसे साधत असे, ते हरभऱ्यावरून स्पष्ट होते. पेरणीनंतर साधारण महिनाभराने हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडतात. शेंडा खुडला की झाडाला बाजूच्या फांद्या अधिक फुटतात आणि घाटेही वाढतात. म्हणजे खुडणी हे पिकासाठी केलेले काम, आणि खुडलेला पाला ही त्या कामाची वरकमाई. करडईचेही तसेच. दाट उगवलेली रोपे विरळताना जी कोवळी रोपे उपटली जातात, त्यांची लसूण घालून केलेली भाजी मराठवाड्यात आवडीने खातात. पुढे पानांना काटे आले की तीच करडई ज्वारीच्या कडेने कुंपणाचे काम करते आणि शेवटी घाण्याला जाऊन तेल देते. खुरपणीत निघणारे तांदुळजा, घोळ आणि पाथरी ही तर नावालाच तणे. निंदायला गेलेल्या बायका परतताना ओटीत भाजी घेऊन येत. खुडणी, विरळणी आणि खुरपणी या तीन कामांवर घरातील पालेभाजीचा बराचसा भाग भागत असे, आणि त्यासाठी वेगळा वाफा लागत नसे.

पावसाळ्यात आरंभ रानभाज्यांनी होतो. कोकणात ज्याला टाकळा म्हणतात तो तरोटा पहिल्या पावसानंतर बांधावर उगवतो; मागोमाग करटुली येतात. मूग-उडदाच्या ओल्या शेंगा श्रावण-भाद्रपदात हाती लागतात. ज्वारी-बाजरीच्या पाभरीत मूठभर वाळूक आणि शेंदाडाचे बी मिसळण्याची पद्धत होती. पीक कापणीला येईपर्यंत त्या वेलींची फळे राखण करणाऱ्यांची तहान भागवत. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, हा नेम महाराष्ट्रात सर्वत्र आहे. त्या दिवसाच्या मिसळीच्या भाजीमुळे बांधावरच्या अनेक वनस्पतींची नावे घरातील मुलींच्या तोंडी राहिली, हा त्या नेमाचा व्यावहारिक लाभ म्हणता येईल.

खरिपातील सर्वांत घरगुती भाजी म्हणजे अंबाडी. तिची आंबट पाने आधी उकडून, पाणी पिळून टाकावी लागतात; एरवी आंबटपणा दात आंबवतो. चिरलेल्या चार वाट्या पाल्याला पाव वाटी तुरीची डाळ आणि पाव वाटी ज्वारीच्या कण्या लागतात. डाळ व कण्या मऊ शिजवून त्यात पिळलेला पाला घोटायचा, मीठ आणि थोडा गूळ घालायचा. फोडणीसाठी दहा-बारा लसूण पाकळ्या आणि सुक्या मिरच्या तेलात लालसर कराव्या. तेलात काटकसर करू नये. ही फोडणी ताटात वाढल्यावर वरून घेतात. कण्यांमुळे भाजीला अंग येते आणि आंबटपणा सौम्य होतो. बेसन लावून केलेली अंबाडी शहरात मिळते, पण तिला ही चव नाही.

रब्बी हा मात्र या स्वयंपाकाचा खरा हंगाम. कार्तिकापासून माघापर्यंत जालन्याच्या शेतात स्वयंपाकासाठी लागणारे जवळजवळ सर्व काही एकाच वेळी उभे असते. आधी ओल्या तुरी येतात. शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खाणे ही त्यांची सर्वांत सोपी रीत, दुसरी आमटीची. दाणे कोरड्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजून हिरवी मिरची, लसूण व जिऱ्यासह जाडसर वाटायचे, तेलात परतायचे आणि आधणाचे पाणी घालून उकळायचे. दाण्यातील पिष्टामुळे आमटी आपोआप दाटते, वेगळे पीठ लावावे लागत नाही. वाटण फार बारीक करू नये, चव जाते.

तुरीच्या बाबतीत जालना जिल्ह्याचे नाव देशपातळीवर आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र बदनापूर येथे असून तुरीचे अनेक वाण तेथून बाहेर पडले. लाल दाण्याचा 'बीएसएमआर ७३६' हा त्यांपैकी एक. वांझ रोगाला प्रतिकारक म्हणून तो शेतकऱ्यांनी स्वीकारला. पांढऱ्या दाण्याचा 'बीडीएन ७११' २०१२ मध्ये आला. तो सुमारे १५० ते १५५ दिवसांत तयार होतो आणि पाऊस लवकर संपलेल्या वर्षीही हाती लागतो. कापूस-सोयाबीनच्या काळातही तूर शेतात टिकून राहिली, त्यामागे बाजारभावाइतकाच अशा वाणांचा वाटा आहे. ओल्या तुरीची आमटी टिकली तीही त्यामुळेच.

हरभऱ्याच्या पाल्याचा घोळाणा हा चुलीशिवाय होणारा पदार्थ आहे. कोवळा पाला बारीक चिरून त्यात कांदा, शेंगदाण्याचे कूट, तिखट, मीठ आणि कच्चे तेल कालवले की झाला. या पाल्यावर एक आंबट अंश असतो. त्यालाच शेतकरी 'आंब' म्हणतात, आणि त्यात मुख्यतः मॅलिक आम्ल असते. पाला भरपूर पाण्यात धुतला तर ती चव निघून जाते, म्हणून जुन्या घरांत तो न धुता वापरीत. अर्थात हे फवारणी नसलेल्या शेतातील पाल्याबद्दल खरे आहे. बाजारातून आणलेला पाला धुतलाच पाहिजे. गेलेला आंबटपणा लिंबाने थोडाफार भरून काढता येतो. मेथीचा घोळाणाही याच रीतीने करतात.

पौषात ज्वारी चिकावर येते आणि हुरड्याचे दिवस सुरू होतात. 'गूळभेंडी' ही खास हुरड्याची ज्वारी. तिचा दाणा बोंडातून सहज सुटतो आणि गोड लागतो. कणसे आगटीत भाजून तळहातावर चोळायची आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर गरम खायची. हुरडा शेतातच खावा असा आग्रह धरला जातो, तो केवळ हौसेपोटी नव्हे. दाण्यातील साखरेचे पिष्ट होण्याची क्रिया सतत चालू असते. कणीस शहरात पोहोचेपर्यंत गोडवा उतरलेला असतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला हरभऱ्याचे घाटे, गाजर, वांगी, वालाच्या शेंगा, बोरे आणि तीळ एकाच भाजीत एकत्र येतात, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. पौषातील सगळे शिवार त्या एका भाजीत उतरते.

भाकरीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण शहरी घरांत ती बिघडते आणि दोष हाताला दिला जातो. ज्वारीत गव्हासारखा चिवट अंश नसतो. उकळते पाणी पिठात पडले की पिष्ट फुगते आणि त्यामुळे पीठ एकत्र धरते. पीठ जुने झाले की त्याची 'विरी' जाते आणि भाकरी कडेने फाटते. म्हणून आठ-दहा दिवसांपुरतेच दळून आणावे. बाजरीचे तर त्याहून कमी, कारण तिच्यातील स्निग्धांशामुळे पीठ लवकर कडवट होते. रब्बी ज्वारीत मोहोळ येथील संशोधनातून निवडलेली 'मालदांडी' आजही पसंतीची आहे. १९६४ मध्ये 'सीएसएच १' हा संकरित वाण आला आणि खरीप ज्वारीचे उत्पादन वाढले. पण परतीच्या पावसात काळी पडणारी ती ज्वारी भाकरीसाठी लोकांनी मनापासून कधी स्वीकारली नाही. 'हायब्रीड' हा शब्द ग्रामीण बोलीत बेचव वस्तूला चिकटला, त्याचे मूळ बहुधा त्या ताटात असावे.

या सर्व व्यवस्थेचा पाया मिश्र पिकांचे शेत हा होता, आणि तोच आता खचला आहे. जिल्ह्याच्या खरिपावर कापूस आणि सोयाबीन यांचे वर्चस्व आहे. ही दोन्ही पिके घरात शिजत नाहीत. ती विकली जातात आणि त्या पैशातून किराणा येतो. मजुरी वाढल्याने खुरपणीची जागा तणनाशकाने घेतली. तणनाशक फवारलेल्या शेतात तांदुळजा उगवत नाही, उगवला तरी तो खाण्याजोगा राहत नाही. शेतकऱ्याला त्यासाठी दोष देणे योग्य होणार नाही. रोख पैसा देणारे पीक सोडून केवळ अंबाडीसाठी तास राखणे कोणालाही परवडणारे नाही. पण या बदलात पालेभाजी फुकटची राहिली नाही, ती आठवडी बाजारातून विकत आणावी लागू लागली. ज्या घरात पैसा कमी, त्या घरात ती पहिल्यांदा कमी झाली.

यातील विसंगती जालन्यात अधिक ठळक दिसते. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे 'महिको' ही बियाणे कंपनी स्थापन केली. त्यांच्या कामाचा आरंभ हळद्या रोगाला तोंड देणाऱ्या 'पुसा सावनी' या भेंडीच्या बियाण्यापासून झाला होता. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. देशभरातील परसबागांत आणि मळ्यांत पिकणाऱ्या भाज्यांचे बी या परिसरात तयार होते. परंतु बीजोत्पादनाच्या शेतातील भेंडी कोवळी तोडता येत नाही. ती झाडावरच वाळवावी लागते. मिरची लाल होऊ द्यावी लागते. संध्याकाळी फुलांतील पुंकेसर काढून दुसऱ्या सकाळी हाताने परागीकरण करणाऱ्या बायका अशा शेतात दिवस काढतात, पण तेथून घरी जाताना ओटीत भाजी नसते. भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून हिरवी मिरची दूरदूर जाते. भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबीही बाहेरच्या पेठांसाठीच पिकते. मिरचीचा थोडा वाटा घरात ठेच्यासाठी राहतो. लसणासह तव्यावर भाजून, तांब्याच्या बुडाने तिथेच रगडलेला हा ठेचा मिक्सरमध्ये होत नाही.

बागायतीच्या मर्यादा २०१२-१३ च्या दुष्काळाने दाखवून दिल्या. त्या वर्षी जिल्ह्यातील मोसंबीच्या कितीतरी बागा वाळून गेल्या आणि टँकर हीच गावोगावची नळयोजना झाली. याउलट जालना तालुक्यातील कडवंची गावाने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात केलेली कामे आणि नंतरची शेततळी यांच्या बळावर द्राक्षबागा सांभाळल्या. मात्र पाणी आले तेव्हा तेथे ज्वारी आली नाही, द्राक्षे आली. पाणी आणि घरचे अन्न यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही.

शहरातील घरांना या स्वयंपाकातून घेण्यासारखे बरेच आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून ज्वारीची बिस्किटे आणि शेवया दुकानांत दिसू लागल्या. त्यापेक्षा महिन्याला पाच किलो मालदांडी घेऊन थोडी थोडी दळणे स्वस्त आणि चवीला सरस आहे. मार्गशीर्ष ते माघ या काळात फ्लॉवर-सिमला मिरचीऐवजी करडई, चाकवत, हरभऱ्याचा पाला आणि ओल्या तुरी मागाव्यात. भाजीवाला माल आणतो तो मागणी पाहून. कारळ आणि जवस मंद आचेवर भाजून, लसूण, सुकी मिरची व मीठ घालून कुटलेल्या चटण्या महिनाभर टिकतात. येसर, म्हणजे गहू, हरभऱ्याची डाळ आणि मसाले खमंग भाजून केलेले पीठ, घरात असले तर भाजी नसलेल्या दिवशी दहा मिनिटांत आमटी होते.

उन्हाळ्यासाठीची तरतूद हिवाळ्यातच करावी लागते. हरभऱ्याचा पाला स्वस्त असतो त्या दिवसांत तो निवडून सावलीत पसरावा, कुरकुरीत झाला की हाताने चुरून कोरड्या डब्यात भरावा. चैत्र-वैशाखात बाजारात पालेभाजी महागते तेव्हा हा चुरा मूठभर घेऊन तुरीच्या शिजवलेल्या डाळीत किंवा ज्वारीच्या कण्यांत घालतात आणि वरून लसणाची फोडणी देतात. वाळलेल्या पाल्याचा आंबटपणा ताज्यापेक्षा तीव्र असतो, म्हणून मीठ शेवटी, चव पाहून घालावे.