विनाकारण चालणे

मराठीत 'फिरायला जाणे' हा शब्दप्रयोग अगदी निरुपद्रवी वाटतो. पेन्शनर सकाळी टेकडीवर जातात, नवे जोडपे संध्याकाळी नदीकाठी जाते. ही सारी माणसे 'फिरायला' गेलेली असतात. हीच गोष्ट वस्तीतल्या पोराने केली की क्रियापद बदलते. तो 'उंडारतो', 'भटकतो', 'गावभर हिंडतो'. चालणारा कोण हे पाहून आपली भाषा शब्द निवडते. दलित चळवळीच्या इतिहासात पाणवठा आला, मंदिर आले, शाळा आली. रस्ता त्या मानाने कमी आला. आणि काहीही काम नसताना रस्त्यावरून चालणे हा इतिहासाचा विषय होऊ शकतो, असे तर आपल्याला वाटलेलेच नाही. तो व्हायला हवा असे माझे मत आहे.

सुरुवात पुण्यापासूनच करू. गो. स. घुर्ये यांनी आपल्या 'कास्ट अँड रेस इन इंडिया' (१९३२) या ग्रंथात एक परंपरागत माहिती नोंदविली आहे. मराठे व पेशवे यांच्या अमलात महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आत पुण्याच्या वेशीत प्रवेश नव्हता. कारण त्या वेळी माणसाची सावली लांब पडते, आणि लांब सावली दूरच्या सवर्णावरही पडू शकते. हे वाचताना मी पहिल्यांदा थांबलो तो या वेळांपाशी. सकाळी नऊच्या आत आणि दुपार कलल्यानंतर! पुण्यात आज माणसे फिरायला निघतात त्या याच वेळा. आपल्या पूर्वजांना शहर उघडे होते ते भर उन्हात, सावली पायाशी गोळा झालेली असताना. म्हणजे ज्या वेळी राबायचे असते त्याच वेळी.

'गळ्यात मडके, कमरेला झाडू' हे शब्द आपल्या सभांतून इतक्यांदा उच्चारले गेले की ते आता ऐकूही येत नाहीत. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त ती हकीकत सांगितली आहे. तिच्याकडे केवळ चालण्याची हकीकत म्हणून पाहावे. मडके थुंकीसाठी होते, झाडू पाऊलखुणेसाठी. चाललेल्या माणसाने आपण चाललो याची खूण स्वतःच पुसत जायची! त्याच्याही आधी, १८५५ साली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. बाजीरावाच्या काळात तालीमखान्यासमोरून मांग किंवा महार गेला तर त्याचे शिर कापून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करीत, असे ती लिहिते. गुन्हा कोणता? समोरून गेला, एवढाच.

मग महार कधी चाललाच नाही काय? उलट, गावात सर्वांत जास्त तोच चालला. वतनाची कामे पाहा. सरकारी साऱ्याची रक्कम तालुक्याला पोचवणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, टपाल नेणे, मयताची खबर घेऊन रात्री-अपरात्री पाहुण्यांच्या गावी जाणे. यातले एकही पाऊल त्याचे स्वतःचे नव्हते. जमिनीच्या तुकड्यावर आणि बलुत्यावर त्याचे पायच गावाने विकत घेतले होते. हे वतन मोडावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणले. प्रत्यक्षात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ मध्ये, बाबासाहेबांच्या पश्चात.

ज्यांना वतनही नव्हते त्यांचे चालणे हाच गुन्हा ठरला. अमेरिकेत गुलामगिरी संपताच, १८६५ च्या अखेरीस, मिसिसिपी राज्याने काळ्या माणसांसाठी 'व्हेग्रन्सी'चा कायदा केला. कामावर असल्याचा कागद नसलेला काळा माणूस भटक्या ठरे; त्याला दंड होई आणि दंड भरता आला नाही तर मजूर म्हणून त्याला दुसऱ्याच्या हवाली करीत. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १८७१ मध्ये, इंग्रजांनी हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. हजेरी, पास, आणि परवानगीशिवाय हद्द ओलांडली तर शिक्षा. १९११ च्या कायद्याने तो देशभर पसरला. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचे कुंपण पडले. कायदा गेला १९५२ साली. पण लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) वाचणाऱ्याला पोलिसाची नजर गेली नाही हे सांगावे लागत नाही.

रस्त्यासाठी लढेही झाले. त्रावणकोरमध्ये पुलया समाजाच्या अय्यनकाळींनी १८९३ मध्ये सवर्णांनी बंद केलेल्या सार्वजनिक रस्त्यावरून बैलगाडी हाकली. वायकोमचा सत्याग्रह (१९२४-२५) मंदिरप्रवेशाचा होता असे पुष्कळांना वाटते. तो मंदिराभोवतीच्या रस्त्यांसाठी होता. वीस महिने माणसांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, आणि तडजोडीत तीन बाजूंचे रस्ते खुले झाले. पूर्वेचा राखूनच ठेवला. २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषदेच्या मंडपातून निघालेली मिरवणूक तळ्यापर्यंत गेली ती भर गावातून. पुढे नामांतरासाठी १९७९ चा लाँग मार्च निघाला. आपण चालायला शिकलो ते असे, रांगेत, घोषणा देत, ठिकाण ठरवून. याचा मला अभिमान आहे. पण ठिकाण न ठरवता एकट्याने चालणे आपल्या वाट्याला आले नाही, हेही त्याच इतिहासात लिहिले पाहिजे.

काही कार्यकर्ते मित्र म्हणतील, हे रिकामटेकड्या मध्यमवर्गाचे चोचले आहेत. पॅरिसच्या रस्त्यांवरून रमतगमत जाणारा बोदलेअरचा भटक्या मीही वर्गात शिकवतो, आणि त्याच्या गर्दीत त्याला कोणी आडनाव विचारीत नव्हते हेही मुलांना सांगतो. पण मित्रांनी इंग्लंडमधली किंडर स्काउटची हकीकत ध्यानात घ्यावी. मँचेस्टर परिसरातल्या कामगारांना रविवारी डोंगरावर फिरायचे होते. डोंगर जमीनदारांनी शिकारीच्या पक्ष्यांसाठी राखलेले. २४ एप्रिल १९३२ रोजी काही शे तरुण बंदी मोडून वर चढले. पाच जणांना कैद झाली. गिरण्या-कारखान्यांतल्या त्या पोरांनी तुरुंग पत्करला तो नुसते हिंडता यावे म्हणून.

बडोद्याची कमाटी बाग आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. महाराज सयाजीरावांनी उभारलेली ही सार्वजनिक बाग. १९१७ साली पारशी सरायीतून हाकलले गेलेले बाबासाहेब मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत पाच तास या बागेत होते. कोलंबियात शिकून आलेल्या त्या सव्वीस वर्षांच्या माणसाकडे त्या संध्याकाळी करण्यासारखे काही नव्हते, जाण्यासारखे ठिकाण नव्हते. बाग तर फिरायला येणाऱ्यांसाठीच होती. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने मसुदा केलेल्या संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीने रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागाही आल्या. मला ते कलम वाचताना दर वेळी कमाटी बाग आठवते.

आमच्या वस्तीतल्या बायका मैलोगणिक चालल्या त्या डोक्यावर हंडा किंवा जळण घेऊन. रिकाम्या हाताने चाललेली बाई दिसली की आजही तिला दोन प्रश्न विचारले जातात, जातीचा एक आणि बाईपणाचा एक. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आणि तो एखाद्या भगिनीनेच लिहावा.

माझे आजोबा येसकर होते. वतन गेल्यावर त्यांचे पाय मोकळे झाले, पण सवय मोडली नाही. म्हातारपणी त्यांना संध्याकाळी ओढ्यापर्यंत जायला आवडे. निघताना ते काखेत एक रिकामे पोते घेत. मी लहानपणी त्यांच्याबरोबर जाई. पाटलाच्या वाड्यासमोर कोणी विचारलेच, "कुठं निघालास रं?", तर ते पोते दाखवत आणि म्हणत, "गवरी येचाया, मालक." आम्ही ओढ्याच्या दगडावर अंधार पडेपर्यंत बसत असू. पोते तसेच घडी घातलेले घरी परत येई.