शेतकरी ओळख क्रमांक, आधार आणि ओटीपी: कोणती ओळख कशासाठी?

महाराष्ट्रात कृषी विभागाच्या योजनांचा लाभ घेण्यासाठी १५ एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य झाला आहे. पीकविमा, ठिबक, अवजारे यांपैकी कशासाठीही अर्ज करताना आधी तुमची ओळख ऑनलाइन पटवावी लागते. ही ओळख नीट असेल तर काम घरबसल्या होते. ती अर्धवट असेल तर अर्ज अडतो, आणि दुसऱ्याच्या हाती असेल तर खात्यातील पैसेही जाऊ शकतात. म्हणून आधी कोणती ओळख नेमके काय सिद्ध करते, हे समजून घ्या.

तीन वेगळ्या गोष्टी

*आधार क्रमांक (१२ अंकी):* तुम्ही कोण आहात, एवढेच आधार सांगते. तुम्ही शेतकरी आहात किंवा तुमच्या नावावर जमीन आहे, हे त्यावरून कळत नाही.

*शेतकरी ओळख क्रमांक (११ अंकी):* ॲग्रिस्टॅक योजनेत मिळणारा हा क्रमांक तुमचे आधार आणि भूमी अभिलेखातील तुमची शेती यांची सांगड घालतो. मात्र तो मालकीचा दाखला नाही. जमिनीच्या हक्कासाठी सातबारा आणि फेरफारच पाहिले जातात. सातबारावर नाव नसेल, तर या क्रमांकामुळे ते लागत नाही.

*ओटीपी, बोटाचा ठसा, चेहरा पडताळणी:* ही तुमची संमती आहे. क्रमांक म्हणजे नाव, तर ओटीपी म्हणजे सही. नाव चार जणांना माहीत असले तरी बिघडत नाही. सही मात्र कागद वाचल्याशिवाय कोणी करत नाही. ओटीपी सांगताना आणि यंत्रावर बोट ठेवतानाही हाच नियम पाळा.

नोंदणीत काय होते?

नोंदणीची सुरुवात आधारच्या ई-केवायसीने होते. त्यानंतर मोबाईल क्रमांकाची खात्री होते आणि गावनिहाय तुमचे गट क्रमांक जोडले जातात. आधारवरील आणि भूमी अभिलेखातील नाव किती जुळते, हे प्रणाली तपासते. शेवटी आधार ओटीपीने ई-स्वाक्षरी होऊन अर्ज दाखल होतो. नाव पुरेसे जुळले नाही, तर अर्ज महसूल यंत्रणेच्या पडताळणीला जातो. दोन-तीन गावांत जमीन असल्यास सर्व गट जोडल्याची खात्री ई-स्वाक्षरीपूर्वीच करावी.

अर्ज कुठे अडतो आणि काय करावे?

- मोबाईल जोडलेला नाही किंवा दुसऱ्याचा आहे: आधारला पुतण्याचा, शेजाऱ्याचा किंवा केंद्रचालकाचा क्रमांक जोडलेला असेल, तर तुमची सही त्याच्या खिशात आहे असे समजा. आधार केंद्रावर स्वतः जाऊन ठरलेले शुल्क भरून क्रमांक बदलून घ्या. बाकीची कामे त्यानंतर करा.
- नावात फरक: चूक आधारमध्ये असल्यास आधार केंद्रावर दुरुस्त होते. सातबारावर लेखनातील चूक असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. वडिलांच्या जमिनीत मुलीचे नाव माहेरच्या आडनावाने लागते आणि आधारवर सासरचे असते. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र हाताशी ठेवावे.
- सामाईक सातबारा: एका खातेदाराची नोंदणी म्हणजे सर्वांची नोंदणी नव्हे. प्रत्येक खातेदाराने आपला स्वतंत्र क्रमांक काढायचा आहे.
- खातेदार मयत: आधी वारसनोंद करून घ्या. वडिलांच्या नावावरील जमीन थेट मुलाच्या ओळख क्रमांकाला जोडली जात नाही.
- खंडाने किंवा बटईने कसणारे: ही नोंदणी भूमी अभिलेखातील खातेदाराच्या नावावर होते. त्यामुळे दुसऱ्याची कसत असलेली जमीन तुमच्या क्रमांकात येत नाही.
- ठसे उमटत नाहीत: कष्टाच्या कामाने बोटांच्या रेषा झिजतात. पीएम-किसानच्या ई-केवायसीसाठी ओटीपी, ठसा आणि चेहरा असे तीन पर्याय आहेत. ठसा जुळला नाही, तर चेहरा पडताळणी करून पाहा.
- अनुदान दुसऱ्याच खात्यात गेले: आधार आधारित अनुदान एका वेळी एकाच बँक खात्यात जमा होते. नवे खाते उघडताना ते अनुदानासाठी आधारला जोडले, तर पैसे तिकडे जातात. कोणते खाते जोडलेले आहे, हे माय-आधार संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दिसते.

आपली सही सांभाळा

आधार आधारित बँक सेवेत आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि ठसा एवढ्यावर खात्यातून पैसे काढता येतात. तिथे ओटीपी लागत नाही. म्हणून केंद्रावर बोट ठेवण्यापूर्वी ‘हे कशासाठी?’ असे विचारा. काम झाल्यावर पावती घ्या. ‘ठसा आला नाही, पुन्हा लावा’ असे सांगितले, तर आधी पडद्यावर पाहा.

- एम-आधार ॲपमधून बायोमेट्रिक कुलूप लावता येते. गरजेच्या वेळी ते तात्पुरते उघडता येते.
- झेरॉक्स द्यायचीच असेल आणि पूर्ण क्रमांक आवश्यक नसेल, तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ द्या.
- व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाने आलेली एपीके फाइल उघडू नका. अशा फाइलमधून फोनवरचे संदेश आणि त्यातील ओटीपी चोरले जातात. ॲप फक्त अधिकृत ॲप स्टोअरमधून घ्या.
- फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर कळवा आणि बँकेला खाते थांबवायला सांगा. आधारविषयक अडचणीसाठी १९४७ हा क्रमांक आहे.

कागद अस्सल आहे का?

महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. तो कायदेशीर कामासाठी चालतो. त्यावरील पडताळणी क्रमांक टाकून समोरचा माणूस तो अस्सल असल्याची खात्री करू शकतो. केवळ माहितीसाठी विनामूल्य दिसणारा सातबारा मात्र अशा कामाला चालत नाही. डिजीलॉकरमध्ये संबंधित विभागाने दिलेले कागद मूळ कागदाइतकेच ग्राह्य असतात. तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेल्या कागदाला तो दर्जा नसतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावात शिबिर घेताना आधी आधार-मोबाईल जोडणी आणि नावातील फरक यांची यादी करा, नोंदणी त्यानंतर लावा. ज्यांच्याकडे फोन नाही अशा वृद्ध आणि महिला खातेदारांचे अर्ज इथेच मागे पडतात. सोयीसाठी आपला मोबाईल क्रमांक कोणाच्याही अर्जात टाकू नका. ओटीपी शेतकऱ्याच्या फोनवरच यावा. तो कशासाठी आहे हे मोठ्याने वाचून दाखवावे आणि मगच भरावा. शिबिर संपताना प्रत्येकाचा नोंदणी क्रमांक त्याच्या स्वतःच्या वहीत लिहून द्या. पुढे अर्जाची स्थिती पाहायला तोच लागतो.