बंब (पाणी तापविण्याचे साधन)

हा लेख पाणी तापविण्याच्या घरगुती साधनाविषयी आहे. आग विझविणाऱ्या वाहनासाठी अग्निशामक बंब पाहा.

बंब हे लाकूडफाटा, गोवऱ्या किंवा कोळसा यांसारख्या घन इंधनावर स्नानाचे पाणी तापविण्याचे तांब्याचे, पितळेचे अथवा लोखंडी पत्र्याचे घरगुती साधन आहे. उभ्या भांड्याच्या मधोमध आरपार नळकांडे असून जाळ त्याच्या आत पेटतो, हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य होय. चुलीवरील हंड्याला आच बाहेरून लागते. बंबात ती पाण्याच्या पोटातून वर जाते. रशियातील व काश्मिरातील समोवार याच तत्त्वावर चालतो, मात्र त्यातील पाणी चहासाठी असते.

थंड देशांतल्याप्रमाणे घर उबविणारी भट्टी महाराष्ट्रात नसते. येथील घरात हिवाळ्यात रोज पेटणारी भट्टी म्हणजे बंबच. त्यामुळे तो ऐन थंडीत गळू लागला किंवा धुराने न्हाणीघर भरू लागले, की सर्व घराचा पहाटेचा क्रम बिघडतो. पुणे जिल्ह्याच्या बारामती व इंदापूर तालुक्यांतील बावड्यासारख्या गावांमध्ये गॅस आणि वीज पोहोचल्यानंतरही अनेक घरांत बंब टिकून आहे.

रचना

बंबाचे बाहेरचे पोट गोलाकार असून त्यात साधारणपणे २० ते ५० लिटर पाणी मावते. मधले नळकांडे वर धुरांड्यासारखे उघडे असते. खाली बिडाची किंवा लोखंडी सळयांची जाळी, तिच्याखाली राख पडण्याची जागा आणि सर्वांत खाली पाय असतात. उचलण्यासाठी दोन्ही बाजूंना कड्या बसवितात. पाणी ओतण्यासाठी वर झाकणाचे तोंड किंवा नरसाळे आणि पाणी काढण्यासाठी पितळी तोटी असते.

तोटीच्या जागेवरून बंबाचे दोन प्रकार पडतात. एका प्रकारात ती बुडाजवळ असते; ती सोडली की बंब पूर्ण रिकामा होऊ शकतो. दुसऱ्या प्रकारात नरसाळ्याची नळी बुडापर्यंत नेलेली असते व गरम पाण्याची तोटी वरच्या अंगाला असते. वरून गार पाणी ओतले, की ते तळाशी जाऊन हलके झालेले गरम पाणी वरून बाहेर ढकलते. जेवढे घालावे तेवढेच मिळते, म्हणून असा बंब वापरताना कधीच कोरडा पडत नाही. ही योजना दिसायला साधी असली तरी पुढे वर्णन केलेला सर्वांत मोठा बिघाड तीच टाळते.

बंबासाठी तांबे निवडण्यामागे शोभेपेक्षा उपयुक्ततेचा भाग अधिक आहे. तांब्याची उष्णतावाहकता स्टेनलेस स्टीलच्या सुमारे २५ पट असते. शिवाय ते गंजून भोके पडत नाहीत आणि पत्रा ठोकून हवा तसा वळविता येतो. पुण्यात कसबा पेठेतील तांबट आळी ही तांब्याच्या भांड्यांच्या घडणीसाठी प्रसिद्ध आहे. हातोड्याने पत्रा ठोकून त्यावर चमकदार ठसे उमटविण्याच्या तेथील कामाला मठारकाम म्हणतात.

इंधन

४० लिटर पाणी २० अंश सेल्सिअसवरून ५० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ५,००० किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो वाळक्या लाकडातून अंदाजे १६,००० किलोज्यूल उष्णता मिळते. म्हणजे हिशेबाने पाव-अर्धा किलो लाकूड पुरावयास हवे. प्रत्यक्षात त्याच्या काही पट जळते, कारण बरीचशी उष्णता नळकांड्यातून धुराबरोबर निघून जाते. ओले लाकूड वापरल्यास स्वतःतले पाणी वाळविण्यातच त्याची शक्ती खर्ची पडते आणि काजळी वाढते.

बंबाला एकदम भडकणारे इंधन मानवत नाही. बोटभर ते मनगटाएवढ्या जाडीची बाभळीची लाकडे, तुरीच्या काड्या, जोंधळ्याची धसकटे, दाणे काढलेली मक्याची कणसे, नारळाच्या करवंट्या आणि गोवऱ्यांचे तुकडे ही त्याची नेहमीची सामग्री होय. उसाचे पाचट मुबलक असले तरी ते क्षणात पेटून विझते, नळकांडे राखेने भरते, आणि ठिणग्याही उडतात. पेटविण्यापुरतेच ते घालणे योग्य.

बावडा परिसरातील वापर

बावडा हे गाव इंदापूर तालुक्याच्या दक्षिण भागात, इंदापूर–अकलूज मार्गावर आहे. जवळून वाहणारी नीरा पुढे नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. हा प्रदेश पर्जन्यछायेचा असला तरी नीरा डावा कालवा, नद्या व विहिरी यांच्या पाण्यावर येथे उसाची शेती वाढली. हिवाळ्यात आकाश निरभ्र असल्याने जमिनीतील उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते; डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान १० अंशांच्या आसपास किंवा त्याखालीही उतरते. उसाच्या गळिताचा हंगाम नेमका याच दिवसांत असतो. रात्रपाळीने शेतास पाणी देऊन किंवा उसाची वाहने भरून आलेल्या माणसाला पहाटे कढत पाणी लागते, आणि शेतातलेच सरपण जाळून ते मिळत असेल तर गॅस त्यासाठी कोणी खर्च करीत नाही. ग्रामीण भागात स्वयंपाकाचा गॅस आल्यावरही न्हाणीघरातला जाळ का विझला नाही, याचे हे साधे उत्तर आहे.

या भागात बंबाच्या दुखण्याचे मूळ अनेकदा पाण्यात असते. खोल विहिरी व कूपनलिका यांचे पाणी बहुधा जड असते. कालव्याखालील काही जमिनी क्षारपड झाल्या आहेत. तोच क्षार बंबाच्या पोटातही साठतो.

बिघाड आणि दुरुस्ती

बंबाच्या जवळजवळ सर्व बिघाडांचा संबंध एकाच गोष्टीशी येतो. नळकांड्याच्या आत जाळ कितीही प्रखर असला तरी बाहेरून पाणी असेपर्यंत धातूचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. पाणीच धातूचे रक्षण करते. ते संपले किंवा धातू आणि पाणी यांच्यामध्ये काही आडवे आले, की बंब बिघडू लागतो.

कोरडा बंब पेटणे हा यांतील सर्वांत घातक प्रकार. तांबे १,०८५ अंशांना वितळते, त्यामुळे पत्रा शाबूत राहतो. पण कथील व शिसे यांच्या झाळीने जोडलेले सांधे २०० अंशांच्या आसपासच सुटतात. टाकणखार वापरून केलेला पितळजोड याहून पुष्कळ जास्त उष्णता सोसतो. म्हणून जुना बंब विकत घेताना किंवा दुरुस्तीस देताना नळकांड्याचा सांधा कशाने जोडला आहे, हे विचारून घ्यावे. चुकून कोरडा तापलेल्या बंबात घाईने गार पाणी ओतू नये. वाफेचा लोट उसळून चेहरा व हात भाजतात, शिवाय सांधा तडकतो. जाळ ओढून काढून बंब आपोआप निवू देणे हाच उपाय.

क्षाराचा थर सावकाश नुकसान करतो. जड पाणी तापले की त्यातील विरघळलेला चुना घट्ट थराच्या रूपाने नळकांड्यावर बसतो. हा थर तांब्याच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी उष्णता वाहून नेतो. पाणी तापण्यास पूर्वीपेक्षा बराच वेळ लागणे, आतून टकटक आवाज येणे आणि तोटीतून पांढरे कण पडणे ही त्याची लक्षणे आहेत. चिंचेचे दाट पाणी किंवा लिंबूसत्त्व घातलेले कोमट पाणी रात्रभर ठेवून सकाळी खळखळून काढल्यास थर मऊ होतो. जुना थर असल्यास हे दोन-तीनदा करावे लागते. फरशी धुण्याचे तीव्र आम्ल ओतण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती चुकीची आहे. अशा आम्लाने झाळ आणि पितळी तोटी खाल्ली जाते व त्याची वाफ छातीत जाते.

नळकांड्याला बारीक छिद्र पडल्यास ते बाहेरून दिसत नाही. जाळात फुसफुस आवाज येतो, लाकडे विझू लागतात आणि राख ओली सापडते. पारख करण्यासाठी थंड बंब पाण्याने भरून जाळीवर कोरडा कागद पसरून रात्रभर ठेवावा. कागद जिथे भिजेल त्याच्या वर गळती असते. बाहेरच्या पोटावरील चीर झाळून चालते, परंतु नळकांड्यावर बाजारात मिळणारी इपॉक्सीची लांबी टिकत नाही, ती जळून जाते. तेथे पितळजोडाचे ठिगळ किंवा नवीन नळकांडेच बसवावे लागते. तांब्याच्या बंबाला लोखंडी पत्र्याचे ठिगळ लावू नये. पाण्यात दोन धातू एकत्र आले की लोखंड लवकर गंजते.

जाळी वाकणे किंवा तुटणे हा किरकोळ बिघाड असून बिडाची नवी जाळी बसविली की भागतो. तोटी ठिबकत असेल तर आतील वायसर बदलावा. आट्यांमधून पाणी झिरपत असेल तर सफेदा लावून सूत गुंडाळावे. नळकांड्यात काजळी साचून वाट अरुंद झाली की धूर खालच्या तोंडाने बाहेर येतो. अशा वेळी जाळ वाढवून उपयोग नसतो. बंब निवल्यावर काठीला काथ्याचा बोळा बांधून नळकांडे वरून खाली घासावे.

राख रोज काढण्याची शिस्त मात्र किरकोळ समजू नये. भिजलेली राख तळाशी राहिली की बुडाची कड खाल्ली जाते, आणि राखेने जाळी बुजून हवा कोंडते.

पोट आतून कल्हई केलेले नसते. कल्हई स्वयंपाकाच्या भांड्यांना करतात, कारण आंबट पदार्थ तांब्याशी लागून कळकतात. बंबातील पाणी मात्र पिण्यास किंवा स्वयंपाकास घेऊ नये. झाळीत शिसे असू शकते.

धोके

थंडीमुळे न्हाणीघराचे दार-खिडकी बंद करून आत बंब पेटविणे जिवावर बेतू शकते. हवा कमी पडल्यास इंधन अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग वा वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो. धूर थांबला म्हणजे धोका टळला, हा समज फार रूढ आहे आणि तो खोटा आहे. बिनधुराचे लाल निखारे हा वायू भरपूर सोडतात. म्हणूनच बंबातले निखारे घमेल्यात काढून झोपण्याच्या खोलीत ऊब घेण्यासाठी ठेवणे अत्यंत धोक्याचे आहे. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गुंगी अशी लक्षणे घरातील एकाहून अधिक माणसांना एकाच वेळी जाणवल्यास ताबडतोब दारे उघडून सर्वांनी बाहेर यावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरनेही असेच अपघात घडतात, आणि परदेशातील घर तापविणाऱ्या भट्टीला तडा गेल्यावरही हाच वायू खोल्यांत पसरतो. बंब शक्यतो अंगणात, पडवीत किंवा वर झरोका असलेल्या जागेत ठेवावा.

दुसरा धोका वाफेचा. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १,६०० पट होते. झाकण घट्ट ठोकून बसविले आणि नरसाळे क्षाराने बुजलेले असले, तर वाफेला वाट उरत नाही. झाकण नेहमी सैल असावे. लहान मुले तोटीशी खेळताना भाजण्याचे प्रसंगही येतात. भाजलेला भाग किमान २० मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा, त्यावर दंतमंजन किंवा शाई लावू नये.

स्थित्यंतर

विजेचे गिझर व सौर जलतापक आल्यावर शहरांतील बंब माळ्यावर गेले आणि तेथून मोडीत. तांब्याला भाव चांगला येतो, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला बंब दुरुस्त करण्याऐवजी वजनावर विकला जातो. दुरुस्ती करणारे कारागीरही कमी झाल्याने आठवडे बाजारात बसणारा झाळकाम करणारा शोधावा लागतो. पत्र्याचे स्वस्त बंब मिळतात, पण जड पाण्यात ते लवकर गळतात. गंमत अशी, की जड पाणी गिझरलाही सोडत नाही: त्याच्या तापणाऱ्या कांडीवर तोच क्षार बसून ती जळते.

दिवाळीपूर्वी बंब चिंच आणि राखेने घासून लखलखीत करण्याची चाल अनेक घरांत होती. नरक चतुर्दशीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान त्याच पाण्याने होई, आणि वर्षाच्या थंडीतला पहिला जाळही बहुधा तोच असे.

भाषेत

बंब या शब्दाचा संबंध पंप या अर्थाच्या पोर्तुगीज ‘बोंबा’ या शब्दाशी लावला जातो. आग विझविणारा बंब आणि आग पोटात घेणारा बंब असे दोन उलट अर्थ मराठीत एकाच शब्दाला आहेत. नकोशी वस्तू किंवा विषय झटकून टाकताना ‘घाल बंबात’ असे म्हणतात.